नैरोबी, कंपाला ते लंडन : गोवेकरांचे दुसरे स्थलांतर

ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत गेलेले पुष्कळ गोवेकर सरकारी कचेऱ्यांत आणि रेल्वेत कारकुनी करीत. शिंपी आणि स्वयंपाकीही त्यांच्यात होते. 1963मध्ये केनिया स्वतंत्र झाला. तिथले नागरिकत्व घेण्यास दोन वर्षांची मुदत होती. अनेक आशियाई लोकांनी ब्रिटिश पासपोर्टच ठेवला. केनियाच्या 1967च्या कायद्याने अशांना नोकरीसाठी परवाना सक्तीचा झाला आणि लंडनकडे रीघ लागली. ब्रिटनने 1 मार्च 1968पासून नवी अट घातली : नुसता पासपोर्ट पुरेसा नाही, आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कोणाचे तरी मूळ ब्रिटनमध्ये हवे. संसदेत अवघ्या तीन दिवसांत संमत झालेल्या या कायद्याने पासपोर्टची किंमतच उतरवली.

ऑगस्ट 1972मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. सुमारे 28 हजार जण ब्रिटनमध्ये उतरले. त्यांत गुजराती बहुसंख्य, गोवेकर थोडे. जुन्या लष्करी छावण्यांत अनेकांची पहिली सोय झाली. लेस्टर महापालिकेने तर ‘इकडे येऊ नका’ अशा अर्थाची जाहिरात युगांडातील वृत्तपत्रात दिली होती. पुढे हजारो जण त्याच लेस्टरमध्ये स्थायिक झाले.