ज्यू-ख्रिस्ती संवादाचा धर्मशास्त्रीय पाया

ज्यू-ख्रिस्ती संवाद म्हणजे ज्यू (यहुदी) धर्म आणि ख्रिस्ती धर्म यांच्यात परस्परांच्या श्रद्धांचा आदर राखून चालणारा विचारविनिमय होय. दोन्ही धर्म अब्राहामाच्या देवाला मानतात. ज्यूंचे धर्मग्रंथ ख्रिस्ती बायबलमध्ये 'जुना करार' म्हणून समाविष्ट आहेत. देवाने इस्राएलाशी केलेला करार ख्रिस्तानंतरही अबाधित आहे काय, हा या संवादातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

ज्यूंनी येशूला मशीहा म्हणून नाकारल्यामुळे देवाने त्यांचा त्याग केला व त्यांची जागा चर्चने घेतली, असे मत ख्रिस्ती परंपरेत अनेक शतके प्रचलित होते. त्याला 'प्रतिस्थापनवाद' म्हणतात. येशूच्या वधाचा दोष समस्त ज्यूंवर ठेवणारा 'देवहत्ये'चा आरोपही त्यास जोडला गेला. या शिकवणुकीने यूरोपातील ज्यूद्वेषाला धार्मिक आधार पुरवला. नाझी राजवटीतील ज्यूंच्या वंशसंहारानंतर तिचे पुनर्परीक्षण अपरिहार्य ठरले. इ.स. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील झेलिसबर्ग येथील परिषदेने ख्रिस्ती शिकवणुकीच्या सुधारणेसाठी दहा मुद्दे मांडले. फ्रेंच ज्यू इतिहासकार ज्यूल इझाक यांचा त्यात महत्त्वाचा वाटा होता. १९६० मध्ये त्यांनी पोप तेविसावे जॉन यांची भेट घेऊन हा प्रश्न मांडला.

ख्रिस्ती आधार

ख्रिस्ती बाजूचा प्रमुख आधार म्हणजे संत पौलाच्या रोमकरांस पत्रातील ९ ते ११ हे अध्याय. पौलाने इस्राएलाची तुलना जैतून वृक्षाशी केली असून परराष्ट्रीय ख्रिस्ती हे त्यावर केलेले कलम होय, असे म्हटले आहे. देवाची कृपादाने आणि पाचारण अपरिवर्तनीय असल्याचे तो सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राच्या चौथ्या विभागात याच अध्यायांचा आधार घेण्यात आला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसृत झालेल्या या घोषणापत्राने येशूच्या वधाचा दोष तत्कालीन सर्व ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर ठेवता येत नाही, असे स्पष्ट केले. १९८० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी माइन्त्स येथे जुना करार देवाने कधीही रद्द केला नसल्याचे प्रतिपादन केले. त्याच वर्षी जर्मनीतील ऱ्हाइनलँडच्या प्रोटेस्टंट चर्चच्या धर्मसभेनेही ज्यूंच्या कायम निवडीला मान्यता दिली.

ज्यू आधार

ज्यू परंपरेनुसार नोआहाशी झालेला करार सर्व मानवजातीसाठी आहे. त्यातील सात आज्ञा पाळणारा परधर्मीयही नीतिमान ठरतो. त्यासाठी धर्मांतराची गरज नसते. मध्ययुगीन विचारवंत मायमोनिडीस यांनी ख्रिस्ती उपासनेला मूर्तिपूजा मानले. तरीही ख्रिस्ती व इस्लाम धर्मांमुळे मशीहाच्या आगमनाची वाट तयार होते, असे त्यांचे मत होते. २००० मध्ये अनेक ज्यू विद्वानांनी व रब्बींनी 'दब्रू एमेत' (सत्य बोला) हे निवेदन प्रसिद्ध केले. ज्यू व ख्रिस्ती एकाच देवाची उपासना करतात, असे त्यात म्हटले आहे. मात्र काही ज्यू विद्वानांनी या निवेदनावर टीका केली.

मर्यादा

येशूचे देवत्व, त्रैक्य आणि मशीहाचे आगमन यांविषयीचे मतभेद कायम आहेत. ऑर्थोडॉक्स रब्बी जोसेफ सोलोवेचिक यांनी १९६४ मध्ये श्रद्धेचा गाभा हा चर्चेचा किंवा तडजोडीचा विषय होऊ शकत नाही, असे मत मांडले; सामाजिक व नैतिक प्रश्नांवरील सहकार्य मात्र त्यांना मान्य होते. धर्मांतराचा प्रश्न विशेष संवेदनशील आहे. २०१५ मधील व्हॅटिकनच्या दस्तऐवजानुसार कॅथलिक चर्च ज्यूंच्या धर्मांतरासाठी कोणतेही विशेष संस्थात्मक मिशनकार्य चालवत नाही अथवा त्याला पाठिंबा देत नाही. तथापि, ख्रिस्ताद्वारे होणारे तारण सर्वांसाठी आहे, ही श्रद्धाही चर्चने सोडलेली नाही. ख्रिस्तावर उघड श्रद्धा न ठेवता ज्यू तारणात कसे सहभागी होतात, हे या दस्तऐवजाने दैवी गूढ मानले आहे.