बेडूक-निरीक्षण व छायाचित्रण

निसर्गात मुक्तपणे वावरणारे बेडूक व भेक शोधणे, त्यांचे निरीक्षण करणे आणि छायाचित्रांच्या रूपाने त्यांची नोंद ठेवणे, हा एक छंद. हे दोन्ही प्राणी उभयचर वर्गाच्या अपुच्छ गणात मोडतात. ओलसर, गुळगुळीत त्वचा व लांब मागील पाय असणाऱ्यांना सामान्यतः बेडूक आणि कोरडी, उंचवट्यांची त्वचा व आखूड पाय असणाऱ्यांना भेक म्हणतात. मात्र हा भेद ढोबळ आहे. महाराष्ट्रात हा छंद मुख्यतः पावसाळ्याशी निगडित असून सह्याद्रीचा घाटमाथा व कोकण हे प्रदेश त्यास विशेष अनुकूल आहेत.

शोध : बहुतेक जाती निशाचर असल्याने निरीक्षण सूर्यास्तानंतर करतात. शोधाचे प्रमुख साधन कान हे होय. विणीच्या हंगामात नर मादीला आकर्षित करण्यासाठी ओरडतात आणि प्रत्येक जातीचा आवाज वेगळा असतो. माणसाची चाहूल लागताच आवाज थांबतो. अशा वेळी विजेरी मालवून काही मिनिटे स्तब्ध उभे राहिल्यास तो पुन्हा सुरू होतो. भातखाचरे व डबकी येथे मोठा भारतीय बेडूक, घराजवळ दिव्याखाली कीटक टिपणारा सामान्य भेक, तर झुडपांच्या पानांवर लहान झुडूप-बेडूक आढळतात. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करतो व त्यातून भैकेर खालच्या पाण्यात पडतात. झुडूप-बेडकांच्या अंड्यांतून मात्र भैकेर अवस्थेशिवाय थेट छोटे बेडूक बाहेर येतात. म्हणून शोध केवळ पाणवठ्यापुरता मर्यादित ठेवून चालत नाही.

छायाचित्रण : सुमारे १०० मिमी. केंद्रांतराचे निकटचित्रण-भिंग या कामी सोयीचे ठरते. प्रखर प्रकाशाने ओली त्वचा चकाकते व तपशील लोपतो. म्हणून फ्लॅशवर प्रकाश पसरविणारे आच्छादन बसवितात. कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवून डोळा सुस्पष्ट येईल असे पाहतात. ओळख पटविण्यासाठी पाठ, बाजू, कानाचा पडदा, बोटांची टोके व त्यांमधील पडदे दिसणारी अनेक चित्रे लागतात. केवळ रंगावर विसंबता येत नाही : मोठ्या भारतीय बेडकाचा नर एरवी हिरवट-तपकिरी असतो, परंतु विणीच्या काळात तो पिवळाधमक होतो व त्याचे स्वरकोश निळे दिसतात. काही जाती दिसण्यात इतक्या सारख्या असतात की, आवाजाच्या ध्वनिमुद्रणाशिवाय त्या निश्चित करता येत नाहीत. चित्रासोबत दिनांक, वेळ, अधिवास व हवामान यांची टिपणी असल्यास त्यास शास्त्रीय मूल्य प्राप्त होते.

दक्षता : निरीक्षकाला सर्वांत सोयीच्या रात्री या प्राण्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथील भेक (झँथोफ्राइन टायग्रिना) हे याचे ठळक उदाहरण होय. २००९ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून वर्णिलेला हा भेक अतिसंकटग्रस्त मानला जातो. पावसाच्या आरंभी जांभ्या दगडाच्या सड्यावर साचलेल्या उथळ, अल्पजीवी डबक्यांत त्याची वीण होते. अशा डबक्यात पडलेले एक पाऊल अंडी चिरडण्यास पुरेसे असते. रस्त्यावरील वाहनांखालीही हे भेक मरतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यांकनानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत.

उभयचरांची त्वचा श्वसनास साहाय्य करते व ती पारगम्य असते; त्यामुळे हातावरील कीटकरोधक मलमही तिला अपायकारक ठरू शकते. १९९९ मध्ये वर्णन झालेल्या बॅट्राकोकिट्रियम डेंड्रोबॅटिडिस या त्वचारोगकारक कवकाचा प्रसार चिखलाने माखलेल्या बुटांवाटे होऊ शकतो; म्हणून एका पाणवठ्याकडून दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी बूट धुऊन, निर्जंतुक करून वाळवितात. प्राणी पकडून सोयीच्या जागी बसविणे, जोडी विलग करणे, फेसाचे घरटे उघडणे वा प्रकाशझोत दीर्घकाळ रोखणे गैर होय. दुर्मिळ जातींचे नेमके ठिकाण जाहीर करू नये. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये परवाना लागतो. निरीक्षकाने सर्पदंशापासून रक्षणासाठी उंच बूट वापरावेत व विजेरीशिवाय पाऊल टाकू नये.

या छंदास महागडी साधने अनिवार्य नाहीत. एकाच डबक्यास वर्षानुवर्षे भेट देऊन पहिला आवाज कोणत्या तारखेस ऐकू आला व कोणती जाती दिसेनाशी झाली, याची नियमित नोंद ठेवणारा हौशी निरीक्षकही संशोधनास उपयुक्त अशी माहिती पुरवू शकतो. छायाचित्र घेऊन झाल्यावर तोच प्राणी त्याच जागी ओरडू लागला, तर निरीक्षण योग्य रीतीने झाले असे समजावे.