जमिनीखालची नळी सर्वांची असावी

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो आणि उन्हाळ्यात तिशी ओलांडतो. जमिनीत खोलवर मात्र बाराही महिने १२ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असते. भूऔष्णिक हीट पंप याच स्थिरतेवर चालतो. बोअरमध्ये सोडलेल्या बंद प्लॅस्टिक नळीतून पाणी फिरते आणि जमिनीतली ऊब घेऊन वर येते. घरातला कॉम्प्रेसर ती ऊब खोली तापवण्याइतकी वाढवतो. उन्हाळ्यात हेच चक्र उलटे फिरते आणि घरातली उष्णता जमिनीत जाते. वीज इथे उष्णता निर्माण करत नाही, ती एकीकडून दुसरीकडे नेते. म्हणून एका युनिट विजेत तीन ते चार युनिट उष्णता मिळते. स्विस अभियंता हाइनरिख झोली यांनी या कल्पनेचे पेटंट १९१२ साली घेतले होते. तरीही हा पंप घरोघरी पोचला नाही, कारण अडचण यंत्राची नाही, बोअरच्या खर्चाची आहे. पन्नासेक वर्षे टिकणारी नळी एकाच कुटुंबाने, एकाच वेळी पैसे मोजून घालावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

याच राज्यातल्या फ्रेमिंगहॅम शहरात यावर उत्तर सापडले. ‘हीट’ या स्वयंसेवी संस्थेने कल्पना मांडली आणि एव्हरसोर्स या गॅस कंपनीने ती प्रत्यक्षात आणली. ६००-७०० फूट खोल बोअर घेऊन कंपनीने रस्त्याखालून पाण्याची सामाईक नळी फिरवली आणि जून २०२४ मध्ये तिच्यावर घरे, दुकाने, अग्निशमन केंद्र अशा ३६ इमारती जोडल्या. नळी कंपनीची, पंप इमारतीतला. रस्ते खोदणारे, नळ्या जोडणारे, बिले पाठवणारे लोक कंपनीकडे आधीपासूनच होते. जाळ्याचा आणखी एक लाभ असा, की दुकानातल्या शीतकपाटांनी बाहेर टाकलेली उष्णता त्याच पाण्यातून शेजारच्या घराला मिळू शकते. एकट्या घराच्या बोअरला हे साधत नाही.

यावर रास्त आक्षेप आहेत. वीजच गॅस जाळून बनत असेल तर काय साधले? हिशेब पाहू. वीजकेंद्रात १०० युनिट गॅसमधून साधारण ४५ युनिट वीज मिळाली, तर हीट पंप त्यातून दीडशेच्या आसपास युनिट उष्णता देतो. घरातली उत्तम भट्टी तेवढ्याच गॅसवर ९५ देते. भूजल दूषित होण्याची भीतीही योग्यच आहे. म्हणूनच नळी बंद असते आणि बोअरची पोकळी बेंटोनाइट या चिकणमातीच्या मिश्रणाने भरतात. खर्च मात्र खरोखर मोठा आहे. पण गॅसच्या जुन्या, गळक्या वाहिन्या बदलायलाही ग्राहकांचेच पैसे लागतात. खोदायचेच असेल तर कशासाठी खोदायचे, एवढाच प्रश्न उरतो.

महाराष्ट्रात हे जसेच्या तसे चालणार नाही. इथली जमीन मुळातच उबदार आहे, आणि हिवाळ्यात ऊब परत न घेता वर्षानुवर्षे तिच्यात उष्णताच ओतली, तर ती तापत जाईल आणि पंपाची कार्यक्षमता घसरेल. थंड हिवाळ्याच्या प्रदेशांना मात्र मार्ग मोकळा आहे. न्यूयॉर्क राज्याने २०२२ साली कायदा करून मोठ्या वीज-गॅस कंपन्यांना अशा जाळ्यांचे प्रायोगिक प्रकल्प मांडायला लावले. पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांचा खर्च समाजाने पिढ्यांमध्ये वाटून घेतला, म्हणूनच त्या सामान्य घरापर्यंत आल्या. जमिनीतली ऊबही त्याच मार्गाने येईल. ती सवलतीच्या जोरावर एकेका घरमालकाला विकत बसलो, तर ती ऐपत असलेल्यांचीच सोय राहील.