मोटार चालू, पण पाणी नाही! नवा राउटर बसवल्यावर नेट गेले तर काय तपासाल?

विहिरीवरची मोटार चालू आहे, आवाजही नेहमीसारखा येतोय, पण पाटात पाणी पडत नाही. अशा वेळी तुम्ही काय करता? लगेच वायरमनला शोधायला गावात धावत नाही. आधी तिन्ही फेज आहेत का ते पाहता. मग मोटार उलटी तर फिरत नाही ना, पाइपात हवा धरली का, फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला का, असे एकेक ठिकाण बघत जाता. बहुतेक वेळा दोष आपल्यालाच सापडतो.

इंटरनेटचेही तसेच आहे. पण तिथे मात्र आपण ही सवय विसरतो. घरात किंवा ग्रामपंचायतीत नवा राउटर बसवला, दिवे लागले, मोबाइलवर वायफायची पूर्ण रेंज दिसली आणि तरीही काही उघडेना, की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येते, "लाइन गेली!" मग तक्रार करायची आणि माणूस येईपर्यंत वाट पाहायची.

एका गावात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हेच घडले. विजांच्या कडकडाटात ग्रामपंचायतीतला राउटर जळाला. सरपंचांनी त्याच दिवशी तालुक्याहून नवा आणला. खरिपाच्या पीकविम्याची मुदत साधारणपणे ३१ जुलैला संपते. त्यामुळे बाहेर ओट्यावर सातबारा, आधार आणि पासबुक घेऊन माणसे बसलेली. केंद्र चालवणाऱ्या पोराने राउटर जोडला आणि डोक्याला हात लावला. "भाऊसाहेब, वायफाय दाखवतंय, पण एक पान उघडंना!" कंपनीला फोन झाला. माणूस तिसऱ्या दिवशी आला. त्याने वायरीला हातसुद्धा लावला नाही. फक्त विचारले, "तुमचं युजरनेम, पासवर्ड काय?" कोणालाच माहीत नव्हते. आधीचा केंद्रचालक नोकरी सोडून गेला होता आणि माहिती त्याच्या डायरीत होती. त्याला फोन लावून ती घेतली आणि दहा मिनिटांत नेट सुरू झाले. लाइन गेलेलीच नव्हती! तोवर कितीतरी जण रोज बुडवून, भाडे खर्चून तालुक्याला हेलपाटा घालून आले होते.

गावोगावच्या ग्रामपंचायती फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. २०१५ पासून ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाते. आता दाखले, उतारे, विमा, अनुदानाचे अर्ज, सगळे त्याच तारेवर आले आहे. म्हणून ही थोडी माहिती भाऊसाहेबांना, केंद्रचालकाला आणि घरी फायबर घेतलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला हवी.

वायफाय म्हणजे नेट नव्हे

पहिली गोष्ट ही पक्की लक्षात ठेवा. वायफाय म्हणजे राउटरपासून तुमच्या मोबाइलपर्यंतची वाट, हौदापासून वाफ्यापर्यंतच्या पाइपासारखी. पाइप चांगला आहे, पण विहिरीचे पाणी हौदातच आले नाही, तर वाफ्यात काय पडणार? पूर्ण रेंज दिसते याचा अर्थ एवढाच, की हौदाच्या पुढचा पाइप ठीक आहे.

नेटचा रस्ता असा आहे : खांबावरून आलेली फायबरची बारीक वायर, ती जिथे शिरते तो कंपनीचा डबा (त्याला ओएनटी म्हणतात), तिथून जाड टोकाच्या लॅन वायरीने तुमचा नवा राउटर आणि शेवटी मोबाइल किंवा संगणक. तपासणी याच क्रमाने करायची. मध्येच उडी मारायची नाही.

आधी कंपनीच्या डब्याचे दिवे पाहा

डब्यावर 'पॉन' लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर असेल, तर कंपनीकडून प्रकाश तुमच्यापर्यंत पोचतो आहे. मग खांबावरच्या लाइनला दोष देऊ नका. 'एलओएस'चा लाल दिवा लुकलुकत असेल, तर प्रकाश येत नाही. नवा राउटर बसवताना फायबर ओढली गेली, दारात चेंगरली, काटकोनात वाकली किंवा तिचे टोक सैल झाले, तरी असे होते. आत काचेचा तंतू असतो, तो तांब्याच्या तारेसारखा हाताळायचा नाही. टोक नीट 'टक' आवाज येईपर्यंत बसवा आणि वायरीला मोठा, सैल वळसा द्या. तरीही लाल दिवा गेला नाही, तर मात्र खुशाल तक्रार करा.

एक सावधगिरी सांगतो. फायबरचे मोकळे टोक डोळ्यासमोर धरून बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. पोराबाळांनाही लांब ठेवा.

वायर कोणत्या खाचेत घातली?

राउटरच्या पाठीमागे सारख्या दिसणाऱ्या चार-पाच खाचा असतात. त्यातली एक 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेली असते, तिचा रंगही बहुधा वेगळा असतो. कंपनीच्या डब्याकडून आलेली वायर याच खाचेत जायला हवी. बाकीच्या 'लॅन' खाचा संगणकासाठी. घाईत वायर भलत्याच खाचेत बसते आणि मग वायफाय दिसते पण नेट येत नाही. वायर बसल्यावर खाचेजवळचा किंवा समोरचा दिवा लागतो का ते पाहा. लागत नसेल तर वायर बदलून बघा. लॅनच्या वायरीचे प्लास्टिकचे टोक तुटून ती सैल बसणे ही नेहमीची गोष्ट.

अडॅप्टरही तपासा. टोक बसले म्हणजे अडॅप्टर चालतो असे नाही. राउटरच्या बुडाला जेवढे व्होल्ट आणि अँपिअर लिहिले आहेत, तेवढ्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्या अँपिअरचा अडॅप्टर हवा. टीव्हीच्या डब्याचा अडॅप्टर राउटरला आणि राउटरचा कंपनीच्या डब्याला, अशी अदलाबदल करू नका.

यानंतर सगळे एकदा बंद करून ओळीने चालू करा. आधी कंपनीचा डबा. पॉनचा दिवा स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबा. मग राउटर. त्यालाही दोन मिनिटे द्या. शेवटी संगणक.

नवा राउटर कोरा असतो

इथेच खरी मेख आहे. दुकानातून आणलेल्या राउटरला तुमचे खाते माहीत नसते. जुन्या राउटरमध्ये कोणीतरी, कधीतरी, युजरनेम आणि पासवर्ड भरून ठेवला होता. राउटर जळाला, त्याबरोबर तोही गेला. नवीन बँकेत गेल्यावर पासबुकाशिवाय पैसे मागण्यासारखे हे झाले.

राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा आकडा असतो. मोबाइल किंवा संगणक नव्या राउटरला जोडा आणि तो आकडा ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत टाका, राउटरचे पान उघडेल. तिथे इंटरनेट किंवा वॅनच्या जागी जोडणीचा प्रकार विचारतात. मुख्य प्रकार दोन. 'पीपीपीओई' असेल तर कंपनीने दिलेले युजरनेम आणि पासवर्ड भरावे लागतात. 'डायनॅमिक आयपी' असेल तर काही भरावे लागत नाही.

आपल्याकडे कोणता? लॅन वायर राउटरमधून काढून थेट संगणकाला लावा. नेट चालले, तर खाते कंपनीच्या डब्यातच भरलेले आहे. मग राउटरला 'डायनॅमिक आयपी' ठेवा. नेट चालले नाही, पण पॉनचा दिवा हिरवा आहे, तर बहुधा 'पीपीपीओई' हवे. संगणकावर थेट नेट आले नाही एवढ्यावरून लाइन खराब ठरवू नका.

एवढे करूनही गाडी अडली, तर कंपनीला फोन करून दोनच प्रश्न विचारा. पहिला, "आमच्या जोडणीला व्हीलॅन क्रमांक भरावा लागतो का?" काही ठिकाणी लागतो. दुसरा, "जुन्या राउटरचा मॅक बांधलेला आहे का?" जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर जसा १२ आकडी क्रमांक असतो, तसा प्रत्येक राउटरवर आकडे आणि इंग्रजी अक्षरे मिळून १२ खुणांचा मॅक क्रमांक छापलेला असतो. काही कंपन्यांची यंत्रणा ओळखीच्या बिल्ल्यालाच आत सोडते. नवा क्रमांक सांगितला की ते तिकडून मोकळे करतात. हे काम फोनवर होते, त्यासाठी माणूस येण्याची गरज नसते.

एकाच गट नंबरचे दोन मालक

कधी कंपनीचा डबा आणि नवा राउटर दोघेही स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवतात. एका गट नंबरवर दोघांची नावे लागली की जसा घोळ होतो, तसाच इथे होतो. नव्या राउटरच्या पानावर लॅनच्या जागी जाऊन त्याचा आकडा १९२.१६८.१०.१ असा करा, म्हणजे तंटा मिटतो.

संगणक सांगतो तेही ऐका. विंडोजच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली आणि आकडा १६९.२५४ ने सुरू झाला, तर संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. मग वायर आणि राउटर बघा. आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर 'पिंग ८.८.८.८' करून पाहा. उत्तर येते पण संकेतस्थळे उघडत नाहीत, असे असेल तर दोष 'डीएनएस'चा. राउटरमध्ये त्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरा. आणि मोबाइलवर नेट चालते, फक्त संगणकावर नाही, तर राउटरला बोल लावू नका. दोष संगणकात आहे.

हे मात्र करू नका

राउटरच्या बारीक भोकात टाचणी घालून दाबणे म्हणजे बंद-चालू करणे नव्हे. ते दहा सेकंद दाबले की आत भरलेले सगळे पुसले जाते. कंपनीच्या डब्याचे तर ते भोक अजिबात दाबू नका. त्यातले खाते पुसले गेले, की कंपनीच्या मदतीशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

तपासणीत अर्ज अडकवून ठेवू नका. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून संगणक त्याला जोडा. टॉवर बरा असेल तर निकडीची कामे त्यावर होतात. मुदतीचा दिवस असेल तर आधी हे करा, राउटर नंतर पाहा. तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. पुढे मुदत हुकल्याचा प्रश्न निघाला तर हाती कागद हवा. आणि आभाळ गडगडू लागले की दोन्ही डब्यांच्या पिना काढून ठेवा. नवा राउटर आणण्याची वेळ बहुतेकदा त्यामुळेच येते.

नोंदवहीचे एक पान

ग्रामपंचायतीत साध्या खुर्च्यांचीसुद्धा नोंद असते, मग जोडणीची का नसावी? केंद्रचालक बदलतो, ग्रामपंचायत अधिकारी बदलून जातात. माहिती त्यांच्या मोबाइलात राहिली तर त्यांच्याबरोबरच जाते. म्हणून एका पानावर लिहून ठेवा : कंपनीचा ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन, जोडणीचा प्रकार, युजरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक असल्यास तो, राउटरचा मॅक क्रमांक, राउटरच्या पानाचा आकडा आणि पासवर्ड. चालू राउटरच्या मागच्या वायरींचा एक फोटोही काढून ठेवा. हे पान कपाटात कुलपात राहू द्या, भिंतीवर चिकटवू नका. पदभार देताना ते यादीत घाला.

आणखी एक युक्ती. नव्या राउटरला वायफायचे नाव आणि पासवर्ड जुनाच दिला, तर घरातले मोबाइल आणि प्रिंटर सहसा आपोआप जोडले जातात. मात्र तो पासवर्ड पारावर सगळ्यांना पाठ झाला असेल, तर हीच वेळ आहे बदलायची!

बंधूंनो, आज नेट चालू आहे ना? मग हे पान आजच लिहा. ते बंद पडल्यावर युजरनेम शोधायला जायचे, म्हणजे आग लागल्यावर विहीर खणायला घेण्यासारखे आहे.