संगीताभिरुची आणि व्यक्तिमत्त्व : अहेरी परिसराच्या संदर्भात एक विचार

माणसाची आवड त्याच्या प्रकृतीनुसार ठरते, हा विचार भारतीय परंपरेत नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात, नाट्यसिद्धीचे विवेचन करणाऱ्या सत्ताविसाव्या अध्यायात, प्रेक्षकांची वर्गवारी आढळते. तरुणांना शृंगार रुचतो, विरक्तांना मोक्षाचा विषय, शूरांना रौद्र व बीभत्स, तर वृद्धांना धर्माख्याने व पुराणे, असा तिचा आशय आहे. ही वर्गवारी बारकाईने पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. भरताने येथे ज्याला आज आपण ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणतो त्याचा आधार फारसा घेतलेला नाही. वय, व्यवसाय आणि जीवनातील अवस्था हेच त्याचे मुख्य निकष आहेत. आधुनिक मानसशास्त्राने नेमका हाच भाग दृष्टीआड केला, आणि त्याचे परिणाम पुढे दिसणार आहेत.

या विषयाचा प्रायोगिक अभ्यास अमेरिकेत रेमंड कॅटेल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हाती घेतला. १९५४ साली सॉंडर्स यांच्या सहकार्याने त्यांनी १२० संगीतखंडांवरील श्रोत्यांच्या पसंतीचे घटक-विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रश्नावलीला दिलेली उत्तरे माणूस सावधपणे देतो, संगीताची पसंती मात्र त्याच्या अबोध मनाचा ठाव देऊन जाते, अशी त्यामागची धारणा होती. पुढे २००३ साली रेंटफ्रो आणि गॉसलिंग यांनी पसंतीची चार परिमाणे मांडली : चिंतनशील व गुंतागुंतीचे, तीव्र व बंडखोर, प्रसन्न व रूढ, आणि जोशपूर्ण व लयप्रधान. अनुभवांविषयी खुली वृत्ती असणाऱ्यांचा ओढा पहिल्या परिमाणाकडे, आणि बहिर्मुख व्यक्तींचा शेवटच्या दोहोंकडे, असे त्यांना आढळले. मात्र शेफर आणि मेलहोर्न यांनी २०१७ साली अशा अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले तेव्हा बहुतेक सहसंबंध शून्याच्या आसपासच निघाले. खुल्या वृत्तीचा संबंध तेवढा थोडासा टिकला. सहसंबंध-गुणांक ०.२ भरला तरी त्यातून पसंतीतील केवळ ४ टक्के भेदाचा उलगडा होतो, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको.

उरलेला प्रचंड भाग कशाने ठरतो, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यास अहेरीसारखा प्रदेश अत्यंत उपयुक्त आहे.

अहेरी हे प्राणहिता नदीच्या काठचे गाव, गोंड जमीनदारीचे एक जुने केंद्र. १९८२ साली चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. नदीपलीकडे तेलंगण आहे. पूर्वेस भामरागडकडे माडिया गोंडांची वस्ती दाट होत जाते. उत्तरेकडून झाडीबोलीचा वारा येतो. त्यामुळे माडिया-गोंडी, तेलुगू, मराठी आणि हिंदी या चार भाषांचा वावर एकाच बाजारात, पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडी, ऐकू येतो. यांपैकी पहिल्या दोन द्राविड कुळातील, तर दुसऱ्या दोन आर्य कुळातील. भाषांप्रमाणेच गाण्याचीही स्थिती आहे. लग्नकार्यात आणि सणात रेला, तेलुगू आणि हिंदी चित्रपटांतील गाणी, भजन, आणि भाताची कापणी झाल्यावर झाडीपट्टीच्या नाटकांतील पदे, असा हा विविध ठेवा आहे.

यांतील रेला हा प्रकार विशेष विचारार्ह आहे. त्याचे नाव पालुपदातील निरर्थक भासणाऱ्या अक्षरांवरून पडले आहे. (तेलुगूत बहाव्याच्या झाडाला ‘रेल’ म्हणतात, आणि दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण पालुपदातील अक्षरांना व्युत्पत्ती शोधणे हा भाषाभ्यासकांचा जुना छंद आहे, त्यात फार रमू नये हे बरे.) एकाने ओळ उचलावी, इतरांनी ती झेलावी, हातात हात गुंफून पावले टाकावी, असे त्याचे स्वरूप आहे. येथे गाणारा आणि ऐकणारा असे दोन पक्षच नसतात. मग ‘हे गाणे तुम्हास किती आवडते? एक ते सात यांपैकी अंक द्या’ हा प्रश्न कोणाला विचारावयाचा? पसंतीची चाचणी निवड गृहीत धरते, आणि निवड श्रोत्याचे एकटेपण गृहीत धरते. आपल्या पेटीवर आपले गाणे लावणारा नागरी श्रोता हा तिचा आदर्श आहे. २०२२ साली ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३ देशांतील साडेतीन लाखांहून अधिक लोकांची पाहणी केली. तिचा विस्तार स्तुत्य आहे. तथापि ऐकविलेले संगीत पाश्चात्त्यच होते, ही मर्यादा विस्ताराने भरून निघत नाही. बोलिव्हियातील चिमाने लोकांना सुसंवादी आणि विसंवादी स्वरमेळ सारखेच सुखद वाटतात, असे मॅकडर्मॉट यांनी २०१६ साली दाखविले होते. ज्याला स्वरमेळाची मूलभूत पसंती मानले जाई, तीसुद्धा संस्कारसापेक्ष ठरली.

भाषाशास्त्रात अशा पेचातून मार्ग काढण्याची एक रीत आहे. अहेरीचा एखादा गृहस्थ कचेरीत मराठी, बाजारात तेलुगू आणि घरी गोंडी बोलतो. त्यावरून त्याला तीन स्वभाव आहेत असे कोणी म्हणत नाही, किंवा मराठी अधिक बोलतो म्हणून तो अधिक चिंतनशील आहे असेही कोणी ठरवीत नाही. भाषेची निवड प्रसंग, नाते आणि गरज यांवर अवलंबून असते. व्यक्तीचा ठसा उमटतो तो त्या त्या भाषेच्या वापरात, म्हणजे तिच्या वैयक्तिक बोलीत : शब्दांची ठेवण, वाक्याचा ताल, थट्टेची तऱ्हा. हाच भेद संगीताला लावून पाहावा. कोणता प्रकार ऐकला जातो हे बव्हंशी समाज ठरवितो. तो प्रकार कसा हाताळला जातो, त्यात मात्र माणूस दिसतो. रेल्यात पुढची ओळ कोण उचलतो, प्रसंगाला धरून नवी ओळ कोण जुळवितो, कोण मुकाट्याने पालुपद धरून रात्र काढतो, या निरीक्षणांत बहिर्मुखता वा खुलेपणा यांचा जेवढा पुरावा मिळेल तेवढा प्रकारांच्या यादीत मिळणार नाही.

झाडीपट्टीचे उदाहरणही हेच सांगते. वडसा हे केंद्र धरून चालणाऱ्या या रंगभूमीवर रात्रभर नाटक होते आणि पदे प्रत्यक्ष गायिली जातात. तिच्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मंडपात आजोबा, सून आणि शाळकरी नातू शेजारी बसलेले असतात. या सर्वांची प्रकृती एक असणे शक्य नाही. आवड मात्र एक आहे. तिला ‘रूढ’ या परिमाणात टाकले की वर्गीकरण पुरे होते आणि आकलन थांबते.

हा वाद केवळ विद्वानांचा नाही. आश्रमशाळेतून महाविद्यालयात आलेला माडिया विद्यार्थी रागसंगीताला पसंती दाखवीत नाही, ढोलाच्या लयीला दाखवितो. प्रचलित कोष्टक लावले तर तो ‘जोशपूर्ण व लयप्रधान’ ठरतो, आणि चिंतनशीलतेच्या रकान्यात त्याच्या नावापुढे अल्प गुण पडतात. वस्तुतः ज्या संगीताची ओळखच झाली नाही त्याविषयीची नापसंती ही पसंती-नापसंती या सदरात मोडतच नाही. मार्गदर्शन वा निवड यांसाठी अशा चाचण्या वापरणाऱ्याने निदान दोन प्रश्न आधी विचारावेत : हे संगीत या व्यक्तीने कोणत्या वयात, कोणाच्या संगतीत ऐकले, आणि ती स्वतः ते गाते काय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर कागदी चाचणी बाजूस ठेवून गाणे ऐकावयास बसावे, आणि तेही एका रात्रीत आटोपणारे काम नव्हे, कारण ओळ उचलणारा कोण हे प्रत्येक लग्नात, प्रत्येक गावात आणि पाहुणे कोण आले आहेत त्यानुसार बदलत असते.