मणक्याचे ऑपरेशन आणि कागदावरचा आकडा

गेल्या महिन्यात आमचे एक जुने रुग्ण, निवृत्त एस.टी. चालक, दवाखान्यात आले. वर्षभर त्यांना शंभर पावले चालले की पोटऱ्या भरून येत, वाकून बसले की बरे वाटे. कोल्हापुरात मणक्याचे ऑपरेशन झाले आणि ते थिबा पॉइंटपर्यंत चालू लागले. विम्याचा दावा मात्र परत आला. म्हणाले, "डॉक्टर, नस सुटली, पण पैसे अडकले!"

मी कागद पाहिले. डिस्चार्ज कार्डावर निदान 'कंबरदुखी' आणि अर्जावर आकडा एम ५४.५. नुसत्या कंबरदुखीला ऑपरेशन कशाला, ही कंपनीची शंका रास्तच होती.

हा आकडा काय असतो? जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक आजाराला एक सांकेतिक क्रमांक दिला आहे. त्या यादीला आयसीडी-१० म्हणतात. विम्याच्या अर्जाचा रुग्णालयाने भरायचा जो भाग असतो, त्यात तो लिहावा लागतो. कण्यातील नळी अरुंद होऊन नसा दबल्या, तर एम ४८.०, कंबरेतील चकती सरकून नस दबली, तर एम ५१.१. आमच्या रुग्णाचा आजार पहिला होता.

ऑपरेशनचा क्रमांक वेगळा. नसांवरचा दाब काढणे म्हणजे डीकॉम्प्रेशन. त्यासाठी मणक्याचे मागचे हाड काढले तर लॅमिनेक्टमी, चकतीचा तुकडा काढला तर डिसेक्टमी. स्क्रू घालून मणके जोडले तर ते फ्यूजन. आपण सगळ्यांना 'मणक्याचे ऑपरेशन' म्हणतो. कागदावर ती निरनिराळी आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही प्रत्येक उपचाराला स्वतंत्र क्रमांक व ठरलेली रक्कम असते.

म्हणून घरी निघण्यापूर्वी कार्ड वाचून घ्या. नेमके निदान, कोणते मणके, कोणते ऑपरेशन, हे एमआरआयच्या अहवालाशी आणि ऑपरेशनच्या नोंदीशी जुळते ना? जुळत नसेल तर सर्जनकडून लेखी दुरुस्ती मागा. आमच्या रुग्णाने तेच केले आणि दावा मंजूर झाला. मात्र सोयीचा खोटा आकडा घालून घेऊ नका. ती फसवणूक ठरते.

आणि एक. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. कागद नंतर दुरुस्त होतात; फार काळ दबलेली नस होईलच असे नाही.