सोड्याच्या कॅनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीचं वाफेचं इंजिन

वाफेचं इंजिन म्हटलं की आपल्याला जेम्स वॅट आठवतो. पण वाफेवर गरगर फिरणाऱ्या यंत्राचं वर्णन त्याच्या सतराशे वर्षं आधीच लिहून ठेवलेलं होतं. लिहिणारा होता हेरॉन, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातला. काळ इसवी सनाचं पहिलं शतक. आजच्या एपिसोडमध्ये आपण त्याच यंत्राचं छोटं मॉडेल घरी करणार आहोत.

हेरॉनचं यंत्र कसं होतं? खाली झाकण लावलेलं पाण्याचं भांडं, त्याखाली जाळ. झाकणातून निघालेली वाकडी नळी वरच्या पोकळ गोळ्यात वाफ सोडते. गोळ्याच्या दुसऱ्या बाजूला नुसता टेकू. गोळ्याला समोरासमोर दोन वाकड्या तोट्या. वाफ तोटीतून एका दिशेला सुटते, गोळा उलट दिशेला ढकलला जातो. दिवाळीतलं भुईचक्र आठवा, तत्त्व तेच. न्यूटनने हा नियम मांडला १६८७ साली, पण गोळा त्याच्यासाठी थांबला नव्हता!

आता आपलं मॉडेल. साहित्य: सोड्याचा न उघडलेला ॲल्युमिनियमचा कॅन, बारीक खिळा, सिरिंज, तार, मासेमारीच्या दुकानात मिळणारं स्विव्हल (म्हणजे गळाच्या दोरीला पीळ पडू नये म्हणून लावतात ती फिरती कडी) आणि स्पिरिटचा दिवा.

१. कॅनच्या मध्यावर, समोरासमोर, खिळ्याने दोन बारीक भोकं पाडा. बेसिनमध्येच करा, सोडा फसफसून उडतो.

२. प्रत्येक भोक आपल्यासमोर धरून, खिळा आत असतानाच तो डावीकडे आडवा वाकवा. दोन्ही वेळा डावीकडेच. एक डावीकडे आणि एक उजवीकडे झालं, तर दोन्ही झोत एकमेकांचा जोर मारतील आणि कॅन फिरणारच नाही.

३. सोडा पूर्ण काढून टाका. सिरिंजने साधारण २० मिलिलिटर पाणी आत भरा.

४. वरची कडी न उघडता हलकेच उभी करा. तिला तार, तारेला स्विव्हल बांधा आणि कॅन मजबूत दांडीला टांगा. दोरा वापरू नका, जळेल.

५. खाली दिवा लावा आणि दोन हात लांब उभे राहा. पाणी उकळलं की कॅन आधी रेंगाळत आणि मग जोरात फिरायला लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे स्किप करू नका. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० पट जागा मागते. एक चमचा पाण्याची जवळपास ८ लिटर वाफ! म्हणून भोकं मोकळी आहेत ना, हे दिवा लावण्याआधी तपासा. बंद डबा कधीही तापवायचा नाही, तो फुटतो. पाणी संपायच्या आधी दिवा विझवा. डोळ्यांना गॉगल हवाच. भोकाजवळची वाफ दिसत नाही, पण भाजते. आणि शाळेतल्या मंडळींनी मोठ्या माणसाशिवाय हे करायचं नाही.

मग प्रश्न पडतो: इतकं जमलं होतं, तर तेव्हाच रेल्वे का नाही धावली?

पहिली अडचण सांध्याची. हेरॉनच्या यंत्रात वाफ फिरत्या सांध्यातून गोळ्यात जाते. सांधा घट्ट केला तर घर्षण वाढतं, सैल केला तर वाफ गळते. आपल्या कॅनमध्ये पाणी आतच आहे, म्हणून आपण सुटलो. दुसरी अडचण वेगाची. कॅनचा घेर साधारण २० सेंटीमीटर. सेकंदाला ५ फेऱ्या मारल्या तरी त्याची कड धावते सेकंदाला फक्त १ मीटर. वाफ त्याहून कितीतरी वेगाने निसटते आणि बरीचशी ऊर्जा सोबत घेऊन जाते. बोट लावलं तरी थांबेल इतकाच जोर उरतो. (तापलेल्या कॅनला बोट लावून बघू नका हं!)

म्हणून १७१२ मध्ये न्यूकोमेनने खाणीतलं पाणी उपसायला वेगळी वाट धरली, सिलिंडर आणि दट्ट्याची. पण वाफेने थेट चाक फिरवायची कल्पना मेली नाही. १८८४ मध्ये चार्ल्स पार्सन्सने टर्बाइन बनवलं. त्यात वाफेचा दाब एकदम न सोडता पात्यांच्या अनेक रांगांमधून टप्प्याटप्प्याने उतरवला. आज कोराडी आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रांत वाफेची टर्बाइनंच फिरतात.

म्हणजे तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय, त्याच्या चार्जिंगमागेही बहुतेक कुठेतरी वाफेवर फिरणारं चाक आहे. कॅन फिरवून बघा, आणि एका मिनिटात किती फेऱ्या झाल्या ते स्लो मोशन व्हिडिओवरून मोजा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!